श्वासासाठी दहामागे एक

आमच्याकडे कुठल्याही बाईची कंबर छप्पन्न सेंटिमीटरच्या वर जात नसे. सरदारीण असो, बँकवाल्याची बायको असो, नाहीतर साबणाच्या कारखान्यावर गबर होऊन मार्सेयहून आलेली विधवा असो. एकदा ती आमचा गालिचा घातलेला जिना चढून वर आली, की पन्नास ते छप्पन्नच्या मध्ये कुठेतरी बसायची. याच बायका दुसरीकडे साठ-बासष्ट भरत. हा चमत्कार साऱ्या पॅरिसला ठाऊक होता आणि त्याचं श्रेय मस्यू व्हाल्ब्रेग यांच्या प्रतिभेला दिलं जाई. मस्यू व्हाल्ब्रेग ते नाकारत नसत.

त्यांना शिंपी म्हटलेलं खपत नसे. ते कलावंत होते. दुकानाला दुकान म्हणायचं नाही, घराणं म्हणायचं. आणि गिऱ्हाइकाने आपल्याला काय हवं ते सांगायचं नाही, आपल्याला काय शोभतं ते ऐकून घ्यायचं, असा त्यांचा दंडक होता. आठवड्यातून दोनदा ते दिवाणखान्यात येऊन कोचावर आडवे होत, डोळे मिटत आणि समोर उभ्या असलेल्या सरदारणीकडे न बघताच म्हणत, "जांभळा. पण दुःखी जांभळा." की खालच्या मजल्यावर चाळीस मुली दुःखी जांभळ्याच्या शोधात धावत सुटत.

माझं काम मापांची वही लिहिण्याचं. माझ्याकडे अध्यापिकेची सनद होती, पण शाळा नव्हती. लग्न झालेल्या बाईने मुलींना भूगोल शिकवला तर मुलींच्या मनात भलतेच प्रदेश येतील, असं शाळा चालवणाऱ्या जोगिणींचं मत पडलं. अक्षर मात्र चांगलं होतं. घराण्याला चांगलं अक्षर हवं होतं, कारण बायका आपलं पान पुनःपुन्हा उघडून बघत.

माप घ्यायच्या त्या मादाम किल्बफ, कामाच्या खोलीच्या मुख्य. सडपातळ, काळ्या पोशाखातल्या, मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेल्या. हस्तिदंती डबीतून त्या रेशमी फीत काढत. तिच्या टोकाला सोनेरी अक्षरांत घराण्याचं नाव होतं. फीत कमरेभोवती फिरे, आणि मादाम हलक्या आवाजात, पण शेजारच्या कोचापर्यंत नक्की पोचेल अशा बेताने आकडा सांगत.

"बावन्न, काउंटेस."

"बावन्न? इश्श!" रोकमोरच्या काउंटेस आरशात वळूनवळून बघत. "लग्नाआधी त्रेपन्न होती की गं."

"बाईसाहेबांना बाळंतपणं मानवतात."

बाईसाहेबांची चार झाली होती. मी निमूटपणे बावन्न लिहीत असे. माझं एकच झालं होतं आणि त्यानंतर माझे जुने हुक लागत नव्हते. एका दुपारी दिवाणखाना रिकामा बघून मी ती रेशमी फीत स्वतःला लावली. अठ्ठावन्न! त्या आनंदात मी घरी जाताना लोण्याचे दोन बनपाव खाल्ले.

वही घेऊन खाली गेलं, की मादाम किल्बफ कामाच्या खोलीचं दार लावून घेत आणि प्रत्येक आकड्यात दहामागे एक मिळवायला सांगत. बावन्नचे सत्तावन्न, ऐंशीचे अठ्ठ्याऐंशी.

"हे कशाला, मादाम?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"श्वासासाठी. मोजताना बाई श्वास कोंडते. जेवायला बसल्यावर तिला तो घ्यावा लागतो."

मला हे शास्त्र फार पटलं. मी ते वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं: श्वासासाठी, दहामागे एक.

मग त्या वाढवलेल्या आकड्यांवरून लाकडी धडावर कापूस आणि कापडाच्या पट्ट्या गुंडाळून तीच काउंटेस पुन्हा उभी केली जाई. त्या धडावर आधी जाड्याभरड्या सुती कापडाची चोळी टाचण्यांनी बेतायची. चुकायचं ते त्या कापडावर चुकायचं. लियोंच्या रेशमाला कात्री सगळ्यात शेवटी. आतून प्रत्येक शिवणीवर व्हेल माशाच्या हाडाची पट्टी बसवायची आणि तिची टोकं रेशमी दोऱ्याने बांधायची, नाहीतर बाई सूप प्यायला वाकली की ती बरगडीत घुसतात. कमरेला आतून एक घट्ट फीत. साऱ्या घेराचं ओझं त्या फितीवर असे, आणि ती कुणालाच दिसत नसे. भिंतीला लागून अशी साठेक धडं, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून उभी होती. वर बावन्न असलेल्या बायका खाली सत्तावन्नच्या होऊन उभ्या होत्या. मी रोज त्यांच्यामधून वाट काढत जात होते आणि मला त्यात काहीही खटकलं नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

माझी झेली तेव्हा सात महिन्यांची होती. शार्त्रच्या पलीकडे कुरवाल नावाच्या खेड्यात ती ब्लाँदीन नावाच्या दाईच्या अंगावर पीत होती. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या बाईचं मूल दुसरीकडे कुठे असणार? माझा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि म्हणायचा, "मजकूर ठीक दिसतोय, तू उगाच खुणा करतेस." पण तो कुरवालला कधी येत नसे. मी दर तिसऱ्या रविवारी पहाटेची गाडी पकडून जात असे. सोबत एक वही. झेलीची लांबी, डोक्याचा घेर, मांडीचा घेर, दिवसातून किती वेळा शी, कुठल्या रंगाची.

गाडीच्या डब्यात माझ्यासारख्याच आया असत आणि त्यांच्याकडे गोष्टी असत. एकीने मुलगी पाजायला दिली होती, परत मिळाला तो मुलगा, आणि हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. दुसरीचं मूल दाईने सशांच्या खुराड्याशेजारी ठेवलं, तर त्याचे कान लांब झाले. मी शिकलेली असल्यामुळे सशांवर विश्वास ठेवत नसे. बाकी सगळ्यावर ठेवत असे.

मापासाठी मी दर वेळी कामाच्या खोलीतली मेणकापडाची साधी फीत नेत असे. त्या शनिवारी मात्र काउंटेसच्या चोळीवर काम लांबलं, मादाम किल्बफ खोलीला कुलूप घालून किल्ली घेऊन गेल्या, आणि उरली ती वरची हस्तिदंती डबी. ती मी खिशात घातली. सोमवारी आठच्या आत जागेवर ठेवायची, असं देवाला सांगून. देवाला सांगितलं तर चोरी होत नाही, निदान रविवारपुरती.

ब्लाँदीनच्या ओट्यावर झेली उन्हात पालथी पडून लाकडी चमचा चावत होती. मला बघून हसली. मी तिला आत टेबलावर निजवली, टाच धरली आणि फीत लावली.

साठ.

मी पुन्हा लावली. साठ. वहीत तीन आठवड्यांपूर्वीची नोंद होती: पासष्ट. डोकं मोजलं. चव्वेचाळीस असायला हवं होतं, ते चाळीस भरलं.

आधी वाटलं, मूल बदललं. मी झेलीचा डावा कान वाकवून बघितला. मागे तीळ होता. म्हणजे मूल माझंच होतं, फक्त कमी झालं होतं.

"ब्लाँदीन, हिला काय झालंय?"

"कुठे काय? भूक लागलीय."

"ही पाच सेंटिमीटर आखडलीय!"

ब्लाँदीन कोबी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, झेलीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोघींपैकी काळजी माझीच करावी असं तिचं मत झालेलं दिसलं. "बस जरा. सूप घे."

पण माझ्याच्याने बसवेना. मी तशीच धावत गेले आणि चर्चमधून जेवायला निघालेल्या डॉक्टर पोमरलना गाठून ब्लाँदीनकडे आणलं. पाजायला ठेवलेल्या मुलांवर देखरेख करायला पॅरिसच्या दायांच्या कचेरीने त्यांना नेमलं होतं. गोल, गुलाबी गृहस्थ. कोटाच्या शेवटच्या दोन बटणांनी कधीच हार मानलेली. एरवी ते मुलाचा गाल ओढत आणि "झकास" असं लिहीत. फीत त्यांच्याजवळ नव्हतीच, लागलीच नव्हती.

"ही कुठली?" त्यांनी माझ्या हातातली फीत उन्हात धरली. "व्हाल्ब्रेग! अहो, माझी बायको मासिकातून यांची चित्रं कापून उशाशी ठेवते. मग प्रश्नच नाही. माप शंकेच्या पलीकडचं."

त्यांनी झेलीला मोजलं. साठ. माझी वही उघडून पासष्ट बघितलं आणि खिशातून छापील कोष्टक काढलं. सात महिन्यांची मुलगी किती असावी ते त्यात होतं, आणि झेली त्याहून बरीच खाली होती. मग ब्लाँदीनचं स्वतःचं पोरगं मोजलं, एखाद्या पोत्यासारखं जाडजूड. तेही कमी. डॉक्टरांच्या डोळ्यांत चमक आली. ते गल्लीत निघाले. समोरच्या घरातलं पाजायला ठेवलेलं मूल, पलीकडची जुळी, कोपऱ्यावरच्या दाईकडचा मुलगा. सगळी आखडलेली.

"क्षय," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता. "दुधातून पसरणारा, लांबीचा क्षय. आजवर कुणी वर्णन केलेला नाही. कुरवालचा क्षय! की पोमरलचा म्हणावं?"

"डॉक्टरसाहेब, यावर उपाय?"

"उपाय साधा आहे. दूध तोडायचं. पॅरिसची पाचही मुलं आज चारच्या गाडीने कचेरीत परत. तिथे बाटली सुरू होईल."

बाटलीवर ठेवलेल्या मुलांपैकी किती जण पुढच्या महिन्याच्या यादीत उरतात, हे मी एका अहवालात वाचलं होतं. शिक्षणाचे असे तोटे असतात. मी झेलीला उचलून घट्ट धरलं. तिने माझ्या टोपीची नाडी तोंडात घातली. आणि डॉक्टरांना बोलावून आणणारी मीच होते.

"डॉक्टरसाहेब, थोडं थांबून बघू या. एक आठवडा."

"एका आठवड्यात ही पंचावन्नवर येईल, मादाम. मग आणखी खाली." त्यांनी ब्लाँदीनच्या टेबलावर अहवालाचा कागद पसरला. "शाई आहे का घरात?"

ब्लाँदीनने शाई दिली नाही. तिने फीत उचलली, बोटांत घोळवली, नाकाला लावून बघितली. "काल आंघोळ घालताना ही पोर टबात मावेना, आणि म्हणे आखडली. डॉक्टरसाहेब, हात वर करा."

"काय?"

"हात वर करा हो. घाबरू नका, गाई धुते मी, तुम्हाला काय करणार?"

डॉक्टरांचे हात आश्चर्यानेच वर गेले. ब्लाँदीनने त्यांच्या पोटाभोवती फीत फिरवली आणि दोन्ही टोकं जुळवली. "वाच गं, सिदोनी. मला आकडे येत नाहीत."

मी वाकले, आणि सवयीने माझा आवाज हलका झाला.

"शंभर, डॉक्टरसाहेब."

"किती?"

"शंभर."

डॉक्टर पोमरल हळूहळू ताठ उभे राहिले. त्यांच्या गालांवर एक नवाच गुलाबी रंग चढला. "शार्त्रचा शिंपी दोन वर्षं एकशेदहा सांगतोय. एकशेदहा! मी त्याला म्हणत होतो, बाबा रे, तुझ्या फितीत खोट आहे. तो गाढव हसायचा. शंभर! पुन्हा एकदा वाचा बरं?"

मी वाचलं नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हा रंग मी आठवड्यातून चारदा बघत होते, रोकमोरच्या काउंटेसच्या तोंडावर. एकशेदहा, शंभर. सत्तावन्न, बावन्न. श्वासासाठी, दहामागे एक. मी मनात साठावर सहा मिळवले. भिंतीला लागून उभी असलेली ती साठ धडं खरी होती आणि माझी सुवाच्य वही खोटी. आणि माझे अठ्ठावन्न! ते दोन बनपाव!

"डॉक्टरसाहेब, चूक फितीत आहे. हिचा एकेक सेंटिमीटर मोठा आखलाय. म्हणून जे मोजाल ते कमी भरतं. मुलं ठणठणीत आहेत."

"फितीत?" डॉक्टरांचा हात नकळत पोटावर गेला. "व्हाल्ब्रेगच्या?"

मी पलीकडे राहणाऱ्या कापडवालीकडे पळाले आणि तिचा लाकडी मीटर घेऊन आले. दोन्ही टोकांना पितळ, पितळावर सरकारी गरुडाचा शिक्का. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. लाकडाचे शंभर संपले तेव्हा रेशमाचे एक्क्याण्णवही भरले नव्हते.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "दमट गाव आहे. लाकूड आखडलं असणार."

"ओलं लाकूड फुगतं, साहेब," ब्लाँदीन म्हणाली. "आमचं दार बघा, लागतंय का."

"दार वेगळं आणि मीटर वेगळा. विज्ञानात असं चालत नाही, बाई. शाई आणा."

तेव्हा मला लख्ख दिसलं. हा माणूस दुष्ट नव्हता. पण आत्ताच मिळालेले दहा सेंटिमीटर परत करण्यापेक्षा पाच मुलं पॅरिसला पाठवणं त्याला सोपं वाटत होतं. ब्लाँदीन मुठी आवळून काहीतरी बोलणार होती. मी तिचा हात दाबला. खऱ्याचा उपयोग इथे संपला होता. मी एक श्वास घेतला, झेलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आवाज मादाम किल्बफसारखा खाली आणला.

"डॉक्टरसाहेब, क्षमा करा, चूक सर्वस्वी माझी. ही फीत तान्ह्या मुलांना लावायचीच नसते. मस्यू व्हाल्ब्रेगनी ती घडलेल्या, भारदस्त शरीरांसाठीच काढलीय. नुसता देह नाही, त्याची ढबसुद्धा ती जमेस धरते. दरबारातल्या मंडळींना हीच लावतात. उघड्यानागड्या पोरांना कसली ढब? त्यांना हे लाकूडच बरं."

ब्लाँदीनने कोबीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी विचार केला. चेहऱ्यावरचा रंग गेला नाही, उलट स्थिरावला. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, मादाम."

"हो, डॉक्टरसाहेब."

"अर्थात मला शंका आलीच होती. मुलांना आणि माणसांना एकच माप कसं चालेल?"

मग गल्लीतली सगळी पोरं पुन्हा एकदा मोजली गेली, लाकडाने. झेली सहासष्ट भरली. जुळी कोष्टकापेक्षा दोन-दोन बोटं मोठी निघाली. कागदावर ‘क्षय’ खोडून डॉक्टरांनी ‘झकास’ लिहिलं, पण सही करायला टेकवलेला टाक तसाच थांबला.

"ही फीत... शार्त्रच्या त्या गाढवाला एकदा दाखवायला हवी. शास्त्र म्हणून."

मी टाकाकडे बघितलं. मग फीत गुंडाळून हस्तिदंती डबीत ठेवली आणि डबी त्यांच्या हातात दिली. सही झाली. सोमवारी नोकरी जाणार, असं धरून मी मादाम किल्बफपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाट उघडलं. आत तशाच फितींचं एक अख्खं बंडल होतं. "राजदूतांच्या बायकाही पळवतात," एवढंच त्या म्हणाल्या आणि काउंटेस जिना चढत असल्याची मला आठवण करून दिली. पण हे सोमवारचं.

रविवारी डॉक्टर जेवायला गेले. गल्लीच्या टोकापर्यंत ते पोट आत न घेता चालले. ब्लाँदीनने झेलीला माझ्याकडून काढून घेतलं, ओट्यावर बसून पाजायला लागली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "किती वेळा मोजलीस गं तिला?"

"सहा. सात."

"आणि ही बाही बघितलीस का?"

झेलीच्या अंगड्याची बाही मनगटापासून चांगली दोन बोटं वर चढली होती. हात ताणला की कोपराकडे पळत होती. दुसरीही तशीच. मागच्या खेपेला तीच बाही तळहातावर आली होती.

"शिवणकामवाली ना तू?"

"मी नुसती लिहिते."

"ते दिसतंय."

तिने सुईदोरा आणि कात्री माझ्याकडे सरकवली. लहान मुलांच्या बाहीत वाढीसाठी एक घडी आत दाबून शिवलेली असते. ती मी उसवली, बोटाने दाबून सरळ केली आणि काठ पुन्हा घालायला बसले. झेली पीतापीता मध्येच थांबून दोरा ओढायची, त्यामुळे टाके वाकडे पडत होते. एक बाही झाली तोच स्टेशनावरची घंटा वाजली.

"जा आता. दुसरीचं बघते मी," ब्लाँदीन म्हणाली. बघणार नाही हे मला ठाऊक होतं. तिच्याकडे तीन गाई होत्या. "कुणी विचारलं तर सांगेन, पॅरिसची नवी तऱ्हा आहे म्हणून."

तीन आठवड्यांनी मी गेले, तेव्हा झेलीची उजवी बाही लांब आणि डावी आखूडच होती. समोरच्या ओट्यावर जुळी उन्हात पडली होती. त्या दोघांचीही उजवी बाही लांब होती.